शेडमधली स्पिटफायर घेऊ की चालती एमजीबी? उत्तर जरा लांब होणार आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडात रीडिंगला राहता, आयटीत आहात, घराला एक सिंगल गॅरेज, खिशात ९००० पौंड, पोरगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची, हातात पाना कधी धरलेला नाही. समोर दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या आहेत. एक कुणाच्या तरी शेडमध्ये १९९८ पासून झाकून ठेवलेली १९७६ ची ट्रायम्फ स्पिटफायर १५००, २२०० पौंडांत, "इंजिन फिरतंय, थोडंसं वेल्डिंग लागेल". दुसरी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, चालती, ७५०० पौंड. आणि तुमच्या लिहिण्यावरून कळतंय की मनातून तुम्हाला ती शेडवालीच घ्यायचीय, शनिवार-रविवारी पोराला घेऊन बसू आणि उभी करू, असं.

नका घेऊ. जीटी बघायला जा. आता हे असं फटकन का म्हणतोय ते सांगतो, कारण मी नेमकं उलटं केलेलं आहे आणि सात वर्षं त्याची फळं खाल्लीत.

मी मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात गॅरेज होतं, आणि १९९९ पासून इकडे कव्हेंट्रीत आहे. लहानपणी गॅरेजमध्ये एका डॉक्टरांची स्टँडर्ड हेरल्ड सर्व्हिसिंगला यायची, मद्रासला बनायची ती गाडी, म्हणजे इकडची ट्रायम्फ हेरल्डच. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढे उलटायचं, मगरीनं जबडा उघडल्यासारखं, आणि आम्ही पोरं चाकावर बसून आत बघायचो. पुढे इकडे आल्यावर कळलं की स्पिटफायर म्हणजे हेरल्डचाच सांगाडा आखूड करून त्यावर इटलीच्या मिकेलोत्तीनं चढवलेली देखणी बॉडी, आणि ती बनायची माझ्या घरापासून दोन-अडीच मैलांवर, कॅनलीला, १९६२ ते १९८०. मग काय, डोकं फिरलं. २००३ साली ६०० पौंडांत एक १९७८ ची स्पिटफायर ट्रेलरवर टाकून आणली, ती रस्त्यावर आली २०१० ला. मधे दोन मुलं झाली, एक घर बदललं, आणि गाडी दोन्ही घरांच्या गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. माझ्याकडे हिशोबाची वही आहे, त्यात ९४०० पौंड लिहिलेत, आणि एका ठिकाणापासून पुढे मी लिहायचं बंद केलं. २०१४ ला विकली ४८०० ला. आणि हे मी, गॅरेजवाल्याचा मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर, वेल्डिंग येणारा. तुम्ही तर कोरी पाटी आहात.

कुठे चुकलं ते सांगतो म्हणजे "थोडंसं वेल्डिंग" या शब्दांचा अर्थ कळेल. स्पिटफायरला खाली वेगळी चॅसी आहे, त्यामुळे लोकांना वाटतं बॉडी सडली तरी चॅसी आहे ना. पण दाराखालचे ते लांब पेटीसारखे सिल असतात ना, ते स्पिटफायरमध्ये बॉडीला ताठ ठेवायचं काम करतात. मी उत्साहाच्या भरात बॉडी चॅसीवरून उतरवली, डावा सिल ग्राइंडरनं कापून काढला, आणि दाराच्या चौकटीला आधी आडवा पाइप टाकून आधार द्यायचा असतो तो दिलाच नाही. नवा सिल वेल्ड केला, झकास बसला. चार महिन्यांनी बॉडी परत चॅसीवर ठेवली, दार लावलं तर मागच्या बाजूची फट वर ४ मिलिमीटर आणि खाली ११. बॉडी मधून वाकली होती. तो सिल परत कापला. त्या दिवशी संध्याकाळी मी ग्राइंडर हातात घेऊन नुसता बसून होतो, बायको चहा घेऊन आली, बघितलं, काही न बोलता चहा ठेवून गेली.

दुसरी चूक त्याहून बाळबोध. सगळी गाडी एकदम सोडवली. बोल्ट जॅमच्या बरण्यांत, बरण्यांवर लेबल नाही, "हे कुठलं आहे लक्षात राहील की". दोन वर्षांनी काय लक्षात राहतंय डोंबल. एक काम सोडवा, पूर्ण करा, जोडा, मग दुसरं सोडवा. ही गोष्ट वडिलांनी मला लहानपणी शंभर वेळा सांगितली असेल.

आणि तिसरी तर सांगायचीच. गाडी रस्त्यावर येऊन महिना झाला असेल, घरातून रिव्हर्स काढत होतो, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं, आणि धाड! पुढचं उजवं चाक आत दुमडलं, गाडी गुडघा टेकल्यासारखी खाली बसली. वेग चालण्याइतकाही नव्हता म्हणून वाचलो, हेच मोटरवेवर झालं असतं तर. स्पिटफायरला पुढच्या सस्पेन्शनमध्ये खाली पितळेचा एक ठोकळा असतो, ट्रनियन, त्यात लोखंडी उभ्या लिंकचे आटे फिरतात. रात्री कोल्हापूरला फोन केला तर वडिलांचा पहिला प्रश्न, "ग्रीस मारलं होतंस काय त्याला?" म्हटलं हो, भरपूर मारलं की. "अरे हेरल्डच्या त्या पितळी ठोकळ्यात ग्रीस नाही घालायचं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं." म्हणजे कव्हेंट्रीच्या गाडीचं दुखणं कव्हेंट्रीत बसून मला कळेना आणि उद्यमनगरात बसून त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत! ग्रीस आट्यांमधून नीट फिरत नाही, घट्ट होऊन बसतं, तळाशी पाणी साचतं आणि लिंक आतून गंजून एक दिवस तुटते. म्हणून कधीही स्पिटफायर घेतलीत, चालती घेतलीत तरी, पहिल्या आठवड्यात लिंका सोडवून आटे बघा आणि मग वर्षातून दोनदा ईपी ९०, म्हणजे तेच नव्वद नंबरचं गिअर ऑइल. स्पिटफायर वाईट गाडी आहे असं नाही हां, २४ फुटांच्या वर्तुळात वळते, तेवढ्यात रिक्षा वळवावी तशी, आणि बॉनेट उघडल्यावर काम करायला तिच्याइतकी सोपी गाडी दुसरी नाही. १५०० च्या इंजिनात एक गोष्ट तेवढी बघायची, क्लच दाबल्यावर पुढची क्रँकपुली पुढे सरकते का. डोळ्याला दिसेल इतकी सरकत असेल तर क्रँकला जागेवर धरणारे आतले थ्रस्ट वॉशर गेलेत, नमस्कार करून निघायचं.

आता एमजीबीकडे येऊ, कारण माझं सगळं म्हणणं तिथे आहे. २०१४ पासून माझ्याकडे १९७३ ची जीटी आहे, टील ब्लू रंगाची, आणि मी ती चालवतो, नुसती पुसत बसत नाही.

ही गाडी १९६२ ते १९८० ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर बनली, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज. हे इंजिन तुम्हाला ओळखीचं आहे, फक्त माहीत नाही. आपल्या लहानपणी मंत्रालयासमोर लाल दिव्याच्या ज्या अ‍ॅम्बॅसेडर उभ्या असायच्या त्यांत १४८९ सीसीचं बी-सिरीज पेट्रोल इंजिन होतं, त्याच घराण्यातलं हे थोरलं भावंड. ओतीव लोखंडाचा जड ठोकळा, घाई नाही, तक्रार नाही, तेल पाणी द्या आणि विसरा. ९५ हॉर्सपॉवर कागदावर, शून्य ते साठ मैलांना बारा-तेरा सेकंद, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याची डिझेल हॅचबॅकसुद्धा सिग्नलला पुढे जाणार. त्याला काही इलाज नाही आणि गरजही नाही. जमिनीला लागून बसलेलं असलं की ४५ चा वेगसुद्धा ७० सारखा वाटतो.

म्हणून इंजिनावर जीव टाकू नका. इंजिन काम करून मिळतं, नवं-जुनं बदलून मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, सीट मिळतात, डॅशबोर्डाचे स्क्रूसुद्धा मिळतात, सकाळी ऑर्डर केलं की दुसऱ्या दिवशी दारात. एमजीबीची तर अख्खी नवी बॉडी १९८८ पासून जुन्याच साच्यांवर बनवून विकतात, पण ती घेतलीत तर तुमचं सगळं बजेट त्या एका वस्तूत संपून वर उधारी होईल. महाग पडतो तो पत्रा. माझे ९४०० पौंड गेले ते पत्र्यात आणि रंगात. चकचकीत रंग आणि खराब पत्रा यापेक्षा उडालेला रंग, फाटक्या सीट आणि ठणठणीत पत्रा केव्हाही चांगला.

पत्रा कसा बघायचा. एमजीबीला चॅसी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, आणि तिचा कणा म्हणजे सिल. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या घडीची एक रेल, असे थर. पुढचं चाक मागे चिखल उडवतं, चाकामागे एक छोटा पत्रा असतो तो अडवायला, त्याचं रबर दहा-पंधरा वर्षांत कुजतं, मग चिखल आत जाऊन सिलच्या तोंडाशी बसतो. त्यात इथे हिवाळ्यात कौन्सिलवाले रस्त्यावर मीठ टाकतात. ओला चिखल आणि मीठ, आपल्याकडे लोणच्याला जेवढं मुरू देतात तेवढं इथे दरवर्षी मुरतंय. गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेर रंगाला फोड दिसला याचा अर्थ आत काहीच उरलेलं नाही असा घ्यायचा.

तर जाताना एक फ्रिजवरचा चुंबक न्या, पातळ फडक्यात गुंडाळून, रंगाला ओरखडा नको. एक टॉर्च, जुनी पँट. सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, विंगच्या, म्हणजे मडगार्डच्या, खालच्या वीतभर भागात चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. मग एक गोष्ट बघा जी बहुतेक लोक बघत नाहीत. एमजीबीची पुढची विंग बोल्टनं लावलेली असते, त्यामुळे तिच्या खालच्या टोकाशी सिलबरोबरचा जोड रेघेसारखा दिसायलाच हवा. तो जोड नसेल, सगळं सलग गुळगुळीत असेल तर कुणीतरी सडलेल्या सिलवर नवा पत्रा चिकटवून, वरून रंग मारून, तुमच्यासारख्याची वाट बघत बसलाय. सिलचं खरं काम करायचं तर पुढची विंग काढून मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, पैसे वाचवायचे म्हणून ते कुणी करत नाही. मालकाला म्हणावं, काम केलंय तर करतानाचे फोटो दाखवा. खरं काम करणारा माणूस फोटोंची अख्खी फाइल काढतो आणि तुम्हाला दीड तास सोडत नाही.

त्यानंतर मालकाच्या परवानगीनं जॅकच्या जागेवर जॅक लावून एक बाजू उचला. करकर आवाज आला, किंवा दाराची फट बदलली, तर जॅक खाली घ्या, थँक यू म्हणा. गाडीच्या आत सीटच्या मागचं कार्पेट उचललं की बॅटरीच्या पेट्या दिसतात, १९७४ पर्यंतच्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, त्या पेट्यांचे तळ हमखास सडतात. मागच्या स्प्रिंगा जिथे टांगल्यात त्या जागाही खाली झोपून बघा. रोडस्टरपेक्षा, म्हणजे उघड्या एमजीबीपेक्षा, जीटी इथे बरी, छप्पर असल्यामुळे बॉडी ताठ राहते, आणि गंमत म्हणजे बाजारात जीटी स्वस्त असते. सगळ्यांना उघडी गाडी हवी असते, ज्या देशात पाऊस कधी येईल सांगता येत नाही त्या देशात.

मग इंजिन. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, गाडी आधी सुरू करून ठेवू नकोस, मला थंड इंजिन बघायचंय. गरम करून ठेवली असेल तर का ठेवली ते विचारा. सुरू झाल्यावर वीसेक मिनिटं चालवा आणि ऑइलच्या दाबाचा काटा बघा, गरम इंजिनाला ५० मैलांच्या वेगाला ५० पीएसआय किंवा वर, आणि उभी असताना १५ च्या खाली नको. खाली तेलाचा थेंब पडतोय म्हणून घाबरू नका, इतक्या जुन्या इंजिनातून थोडं तेल झिरपतंच. थेंब चालतो, थारोळं नको. आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर, चालतोय का ते चालवून बघाच, कारण ७० मैलांना तो नसेल तर इंजिन ३९०० ला ओरडतं, असेल तर ३२०० ला गुणगुणतं. तुम्ही एम४ मोटरवेवरून जाणार, तुम्हाला तो हवाच.

एक आवाज मात्र ऐकायला शिका. चावी फिरवली की सेल्फ मारायच्या आधी गाडीच्या मागून टिक टिक टिक असा आवाज येतो आणि दोन-चार सेकंदांत थांबतो, तो एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप. पाल चुकचुकल्यासारखा. आपल्याकडे पाल चुकचुकली की मनात शंका येते, इथे उलटं, चुकचुकली की निर्धास्त व्हायचं. आवाज आलाच नाही तर पंपाचे पॉइंट चिकटलेत. उजव्या मागच्या चाकाजवळ खाली लाकडाचा तुकडा घेऊन हलकेच ठोकायचं, बहुतेक वेळा सुरू होतो. माझ्या बायकोला हे येतं. टेस्को सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये साडी नेसून तिनं ते केलंय, दिवाळीच्या सामानाच्या पिशव्या हातात घेऊन मी बाजूला उभा. आवाज थांबतच नसेल तर मात्र एकतर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी गळतंय, मग आधी वास घ्या.

वायरिंगबद्दल इथे लोक खूप विनोद करतात, या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीला अंधाराचा युवराज वगैरे म्हणतात. खरं सांगायचं तर वायरी बिचाऱ्या ठीक असतात, पन्नास वर्षांत अर्थिंगचे जोड गंजतात आणि मधल्या मालकांनी रेडिओ, हॉर्न, फॉगलाइट जोडताना जुगाड केलेला असतो. रंग एकदा पाठ केले की निम्मी भीती जाते. तपकिरी म्हणजे कायम लाइव्ह, फ्यूजशिवाय, तिच्याशी खेळायचं नाही. जांभळी कायम लाइव्ह पण फ्यूजमधून. पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्ही, काळी अर्थिंगची. काहीही बंद पडलं की आधी काळी वायर जिथे बॉडीला लागते तो स्क्रू सोडवा, पॉलिश पेपरनं घासा, परत लावा. दहातल्या सात वेळा तेवढ्यात दिवा लागतो.

सुटे भाग मिळतात म्हटलं खरं, पण हल्लीचा माल बघून घ्या. मला एका विक्रेत्याकडून रोटर आर्म (डिस्ट्रिब्युटरमधला, स्पार्क प्लगांना वीज वाटणारा तुकडा) आला, डब्यावर छान ओळखीचं नाव, आठशे मैलांत आतून शॉर्ट झाला आणि गाडी ट्रकांच्या मधोमध बंद. पैसे परत देताना "असं कधी होत नाही" म्हणाले, पंधरा दिवसांनी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या आणखी एकाचा तसाच गेला. तेव्हापासून मी मधे रिव्हेट नसलेला लाल रोटर आर्म वापरतो आणि डॅशबोर्डाच्या कप्प्यात एक जास्तीचा ठेवतो. कंडेन्सरही. दोन्ही मिळून काडेपेटीएवढी जागा लागत नाही.

आता पोराबरोबर काम करण्याचं. तो तुमचा खरा मुद्दा आहे हे मला कळतंय, आणि त्यासाठीच चालती गाडी घ्या म्हणतोय. दहा वर्षांच्या मुलाला सहा महिने गंज घासायला लावलात तर सातव्या महिन्यात तो आयपॅड घेऊन बसेल, त्याची चूक नाही. चालत्या गाडीवर सकाळी काम केलं की दुपारी चक्कर मारता येते, त्याला आपण काय केलं ते लगेच कळतं. माझ्या मुलीला मी कार्बोरेटर असाच शिकवला. एमजीबीला एसयूचे दोन कार्बोरेटर असतात, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी यंत्र मिळतं, पण आम्ही हातभर रबरी नळी घेतो, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि फुस्स आवाज ऐकतो, मग दुसऱ्याचा. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, म्हणाली, "बाबा, पुढचा सा लावतोय आणि मागचा रे." पेटीच्या क्लासला जायची ना. स्क्रू पाव फेरा फिरवला आणि दोघं सा वर आले. मग पेट्रोल-हवेचं मिश्रण बघायचं. कार्बोरेटरखाली छोटी पिन असते, ती दाबून आतला पिस्टन नखभर उचलायचा. इंजिनाचा वेग किंचित वाढून लगेच पूर्वीसारखा झाला तर बरोबर, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, दम लागल्यासारखं झालं तर कमी. आणि वरची काळी टोपी काढून दांड्यात तेल आहे का बघा, नव्या मालकांपैकी कुणीच बघत नाही आणि मग गाडी उचल खात नाही म्हणतात.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्वांवरची फट लावणं, सुद्धा पोराला जमेल. थंड इंजिनाला १५ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), इग्निशनच्या पॉइंटची फटही १५ थाउ, म्हणजे एकच आकडा. आठ व्हॉल्व, नऊची बेरीज. पहिला पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा लावायचा, तिसरा दाबलेला तेव्हा सहावा. गणिताच्या मास्तरांनी असं काही शिकवलं असतं तर आपण आवडीनं बसलो असतो. पाने मात्र इंचाचे लागतील, सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश, मिलिमीटरचे लावून बोल्टची डोकी गोल करू नका. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनांना प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निप्पल, हजार मैलांनी ग्रीस गन. (इथे ग्रीसच हां, माझी स्पिटफायरची कथा वाचून आता इथे तेल घालत बसाल.) तेल २०डब्ल्यू-५०, तीन हजार मैलांनी किंवा वर्षातून एकदा, चाललेली नसली तरी.

पेट्रोलचं लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालंय, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. सुपर ग्रेडचं ई५ भरा, आणि गाडी घेतल्याबरोबर सगळे पेट्रोलचे पाइप आर९ दर्जाचे घाला, तीस-चाळीस पौंडांत काम होतं. गळका पाइप आणि गरम सायलेन्सर, पुढे सांगायला नको. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसू दे, दहा वर्षांच्या वरचे असतील तर बदलायचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

कागदपत्रांचं सोपं आहे. चाळीस वर्षं पार झालेली गाडी हिस्टॉरिक वर्गात नोंदवली की रोड टॅक्स शून्य, पण दरवर्षी शून्याचा टॅक्ससुद्धा रीतसर काढावा लागतो. मे २०१८ पासून एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, गाडीत मोठे बदल केलेले नसले तर. लंडनच्या युलेझमधूनही, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्कातूनही, सूट. तरी मी दरवर्षी एमओटी करतोच, गाडी लिफ्टवर चढते, कुणी तिऱ्हाईत माणूस टॉर्च घेऊन खालून बघतो, हे एवढ्या पैशांत दुसरीकडे कुठे मिळणार? विकणारा "एमओटी लागतच नाही" असं दोनदा म्हणाला तर तुम्ही तिसऱ्यांदा खाली वाकून बघा. इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून, घ्या, क्लबचं सदस्यत्व असलं की स्वस्त पडतो. आणि हौस म्हणून गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, तुमची गाडी कुठल्या तारखेला बनली, मूळ रंग कुठला, कुठे पाठवली ते येतं. माझी टील ब्लू खरंच टील ब्लू निघाली, लहान मुलासारखा आनंद झाला.

एमजीच्याच धाकट्या मिजेटचं तुम्ही विचारलं नाहीत पण कुणीतरी सुचवेलच. गोड गाडी आहे, १२७५ चं इंजिन, पतंगासारखी हलकी, पण मुलांना जागा नाही आणि तुम्ही पाच फूट दहा इंचांच्या वर असाल तर गुडघे स्टेअरिंगला लागतात. जीटीला मागे छोटी सीट तरी आहे, तिथे बेल्ट लावलेत का आणि मुलीची बूस्टर सीट बसते का ते जातानाच टेप नेऊन मापा, दोन-तीन वर्षांत पोरं त्यात मावेनाशी होतील ते वेगळं. काळ्या रबर बंपरची, म्हणजे १९७४ च्या शेवटानंतरची एमजीबी मिळाली तर लोक नाकं मुरडतात, अमेरिकेच्या नियमांसाठी उंच केली म्हणून वळणावर जरा झुलते, पण स्वस्त मिळते आणि पाऊस तिच्यावरही तसाच पडतो. पत्रा चांगला असेल तर मी बिनधास्त घेईन. आणि खरं विचाराल तर नुसती छप्पर उघडून फिरायची हौस असेल, हात काळे करायचे नसतील, तर माझ्दा एमएक्स-५ घ्या. १९८९ ला जपान्यांनी याच गाड्या बघून ती केली, फक्त ती सुरू होते.

चालवायचं विसरू नका एवढंच. उभी ठेवली की ब्रेकचे पिस्टन चिकटतात, पेट्रोल शिळं होतं, क्लचप्लेट गंजून बसते. मी नोव्हेंबरपासून मीठ पडायला लागलं की बंद ठेवतो, तोवर सिलच्या आत मेण फवारून घेतो, आणि मार्चमध्ये दोन-चार चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले की काढतो. एप्रिलमध्ये ड्राइव्ह इट डे असतो, देशभर जुन्या गाड्यांचे मालक एकाच रविवारी बाहेर पडतात, त्या दिवशी समोरून येणारा प्रत्येक जण हात करतो. आमचा ठरलेला रस्ता म्हणजे फॉस वे, रोमन लोकांनी आखलेला, वॉरिकशरमधून दोरी सोडल्यासारखा सरळ जातो, मधेच एखादा चढ, दोन्ही बाजूंना झाडी, आणि पुढे स्टो-ऑन-द-वोल्ड. मागच्या वर्षी वडील आले होते, ८१ वर्षांचे, त्यांना बाजूला बसवून नेलं. वाटेत काही बोलले नाहीत, एकदाच म्हणाले, "तिसऱ्यात टाक, इंजिन मागतंय." मागत होतंच.

तर त्या जीटीच्या मालकाला आज फोन करा. तीन फोटो मागवा, पुढच्या डाव्या चाकामागचा, विंग आणि सिलच्या जोडाचा, आणि कार्पेट उचलून बॅटरीच्या पेट्यांचा. गाडी जानेवारीतही रोज बाहेर काढायचा का ते बोलण्याच्या ओघात विचारून घ्या. फोटो आले की मला दाखवा, आणि रविवारी बघायला जाणार असाल तर सांगा, मी येतो. येताना माझ्याच जीटीनं येईन, म्हणजे दोन्ही शेजारी उभ्या करून बघता येतील. पोराला घेऊन या, चुंबक त्याच्या हातात द्या.